शेततळ्याच्या अस्तराची गळती आणि विद्युत तपासणी

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीत संरक्षित सिंचनाचे साधन म्हणून शेततळ्याला मोठे महत्त्व आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातही कोरडवाहू शेतीच्या संशोधनात शेततळे हा महत्त्वाचा विषय राहिला आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे सर्वांत मोठे आकारमान होते. बाजूंचा उतार एकास एक धरल्यास अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते.

परभणी जिल्ह्यातील वरची काळी माती पाणी सहसा झिरपू देत नाही. मात्र खोदकाम खालच्या मुरमापर्यंत गेले, की पाणी टिकत नाही. म्हणून तळाला व बाजूंना प्लॅस्टिकचे अस्तर अंथरले जाते. शेतकरी त्याला सरळ ‘कागद’ म्हणतात. त्याची जाडी बहुधा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर असते. खालचा अणकुचीदार दगड, कच्चा राहिलेला जोड, गाळ काढताना लागलेले फावडे किंवा जनावराचे खूर यांमुळे त्याला छिद्र पडते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; त्याचाही ताण अस्तरावर येतो.

न दिसणारी गळती

पाण्याची खोली २ मीटर असताना तळाला ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल आणि खाली मोकळा मुरूम असेल, तर दिवसाला ६ हजार लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. तरीही पातळी रोज जेमतेम ८ मिलिमीटरने उतरते. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेही रोज काही मिलिमीटर पाणी कमी होतच असते. त्यामुळे गळती उन्हाच्या खात्यावर जमा होते. पाण्याने भरलेली बादली तळ्यातच ठेवून दोन्हींतील घट मोजली, तर गळती आहे की नाही एवढे कळते. ती कोठे आहे, हे कळत नाही. ते शोधण्यासाठी तळे रिकामे करावे, तर जे पाणी वाचवायचे तेच गमवावे लागते. विद्युत तपासणीचे महत्त्व येथे आहे. या तपासणीला पाण्याचा अडथळा होत नाही. उलट पाणी हेच तिचे साधन असते.

तत्त्व

प्लॅस्टिक विद्युतरोधक आहे, तर तळ्यातील पाणी आणि ओली माती वीज वाहून नेतात. एक विद्युतअग्र पाण्यात आणि दुसरे तळ्याबाहेर जमिनीत रोवून एकदिश विद्युतदाब दिला, तर अखंड अस्तरातून प्रवाह जात नाही. छिद्र असेल, तर प्रवाह तेथूनच वाट काढतो आणि छिद्राभोवती विभव झपाट्याने बदलते. ठरावीक अंतरावर दोन अग्रे बसवलेली काठी पाण्यातून ओळीने फिरवतात. छिद्र जवळ येताच मापकावरील आकडा वाढतो आणि ते ओलांडताच त्याचे चिन्ह धनाचे ऋण किंवा ऋणाचे धन होते. छिद्र या दोन नोंदींच्या मध्ये असते. ते वरच्या उतारावर सापडले, तर तेवढ्यापुरतीच पातळी खाली आणून ठिगळ जोडता येते.

अस्तर नुकतेच अंथरले असून पाणी भरलेले नसेल, तर त्यावर पाण्याचा फवारा किंवा छोटे डबके सरकवत नेऊन तपासणी करतात. या पद्धतीत १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर उपकरणाची संवेदनक्षमता आधी पारखून घेतली जाते.

हे तंत्र १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत टेक्सासमधील साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी विकसित झाले. उद्देश घातक कचऱ्याच्या साठवणीतील गळती शोधण्याचा होता. भारतातही २००० च्या घनकचरा नियमांनी भरावभूमीच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई अस्तर आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर आवश्यक ठरवला. तेथे छिद्रातून निसटते ते विषारी पाणी असते, आणि ते भूजलात मिसळते.

मर्यादा आणि दक्षता

अस्तराखालची माती ओली व अस्तराला भिडलेली असली, तरच छिद्राचा पत्ता लागतो. ओलसर काळी माती विजेची चांगली वाहक असल्याने येथे अनुकूल ठरते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीवर मात्र अस्तर अधांतरी राहते आणि तेथील छिद्र हुकू शकते. सुरकुत्यांखालीही हेच घडते. म्हणून पावसाळा संपताना, जमिनीत ओल असताना तपासणी करणे सोयीचे असते. कार्बनयुक्त ईपीडीएम रबराचे अस्तर स्वतःच वीज वाहून नेत असल्याने त्यावर ही पद्धत चालत नाही.

तळ्यातील पाण्याचा बाहेरच्या जमिनीशी अन्य मार्गाने संबंध येता कामा नये. लोखंडी नळ, पाण्याने भरलेली पाइपलाइन, मोटारीची अर्थिंग आणि काठावरून ओघळणारे पाणी यांमुळे चुकीचे संकेत मिळतात. म्हणून हे सर्व आधी अलग करावे लागते. घरगुती वीजजोडणीवरून असा प्रयोग करणे जीवघेणे ठरेल. नियंत्रित वीजस्रोत आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांच्याशिवाय ही तपासणी करू नये आणि ती चालू असताना अन्य कोणी पाण्यात उतरू नये.

तपासणीचा सर्वांत योग्य क्षण अस्तर अंथरल्यानंतरचा, पहिले पाणी घेण्यापूर्वीचा असतो. तेव्हा सापडलेले छिद्र एका ठिगळाने मिटते; पुढे तेच छिद्र ऐन टंचाईत शेतातील उभ्या पिकाचे पाणी पळवते.