पडद्याच्या अलीकडची बाजू

पोशेऱ्याला मी ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या आजींना तीन आठवडे खोकला होता. गावातल्या आशाताई त्यांना तपासायला घेऊन निघाल्या, तेव्हा मीही सोबत गेलो. आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी आजींचं वजन केलं, ताप बघितला, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि मग टॅबवर ई-संजीवनी उघडलं. चित्र दोनदा गोठलं. तिसऱ्यांदा आवाज आला, "आजी, खोकला कधीपासून आहे?"

आजींनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या आशाताईंकडे बघत राहिल्या. ताईंनी तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारला. आजी म्हणाल्या, थोडे दिवस. त्यावर आशाताई टॅबकडे वळून म्हणाल्या, "सर, तीन आठवडे झालेत. दिवाळीनंतर या लेकाबरोबर वीटभट्टीवर गेल्या होत्या. टीबीच्या गोळ्या चालू होत्या, त्या तिकडे सुटल्या." पलीकडे क्षणभर शांतता. मग डॉक्टरांचे प्रश्नच बदलले.

परत येताना मनात आलं, की या शास्त्राचा इतिहास आपण नेहमी पलीकडच्या टोकाकडून सांगतो. कुठलं यंत्र आलं, कुठला उपग्रह सुटला. तो अलीकडच्या टोकाकडून सांगून बघावा.

सुरुवात हॉलंडमधल्या लायडनची. १९०५ साली विलेम आइंटहोव्हेन यांनी इस्पितळातल्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवला. कारण अगदी व्यावहारिक होतं. यंत्र अवजड, जागचं हलणारं नव्हतं, आणि रुग्णांना त्याच्यापर्यंत आणणं कठीण. तेव्हा माणूस जागेवर ठेवून फक्त त्याच्या हृदयाची खबर पाठवायची, ही कल्पना तिथे रुजली. ऑस्ट्रेलियात १९२८ साली विमानाने फिरणारे डॉक्टर आले आणि १९२९ पासून आल्फ्रेड ट्रेगर यांचे पायडलवर चालणारे रेडिओ एकाकी वस्त्यांवर पोचू लागले. पुढे तिथल्या घरांत औषधांची पेटी ठेवली गेली. प्रत्येक औषधाला क्रमांक होता. डॉक्टर आकाशवाणीसारखे बोलत, पण पेटी उघडून योग्य क्रमांक काढणारी त्या घरातलीच कुणीतरी बाई असे.

आपल्याकडे २००० साली आंध्रातल्या अरगोंडा गावातलं खासगी रुग्णालय दूरवरच्या तज्ज्ञांशी जोडलं गेलं आणि २००१ पासून इस्रोने उपग्रहामार्फत रुग्णालयं जोडण्याचे प्रयोग सुरू केले. महाराष्ट्रातही मुंबईचं केईएम रुग्णालय तज्ज्ञांचं टोक आणि नंदुरबार, लातूर, बीड, सातारा, सिंधुदुर्ग इथली जिल्हा रुग्णालयं रुग्णांचं टोक, अशी मांडणी झाली. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही तार जिल्ह्याच्या गावापर्यंत येऊन थांबत होती. पाड्यावरच्या माणसाला तिथवर स्वतःच्या पायांनीच यायचं होतं.

आणि पाड्यावरचा माणूस म्हटलं, की जव्हार-मोखाड्याची आठवण टळत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा मुलूख पहिल्यांदा राज्यभर ठाऊक झाला. तोवर मुंबईपासून काही तासांवर अशी भूक आहे, हे मुंबईला माहीत नव्हतं. म्हणजे खबर पोचवणं हा इथला जुनाच प्रश्न. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, मुख्यालय जवळ यावं म्हणून. पण नवं मुख्यालय समुद्राकाठी, आणि मोखाडा घाटमाथ्याकडे. इथला गंभीर रुग्ण आजही बहुतेक वेळा नाशिकला धाडतात.

फोनवरून उपचार करणं कायद्याच्या दृष्टीनेही बराच काळ धूसर होतं. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, रुग्णाला न तपासता फोनवर औषधं सांगण्याबद्दल कडक शब्द वापरले, आणि डॉक्टरमंडळी धास्तावली. मग करोना आला. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. कोणती औषधं पडद्यावरून देता येतील आणि कोणती अजिबात नाही, हे त्यात आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच कलम: रुग्णाच्या वतीने आरोग्यसेविका डॉक्टरांशी बोलू शकते. आजींच्या वतीने बोलणाऱ्या ताईंना कागदोपत्री जागा मिळाली, ती अशी.

ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं होतं, एप्रिल २०२० मध्ये ते थेट रुग्णांसाठीही खुलं झालं. फेब्रुवारी २०२३ पर्यंत त्यावर देशभरात दहा कोटी सल्ले झाले. आकडा छाती दडपवणारा आहे. पण नावातली कथा आठवा. वैद्याने औषध सांगितलं, मारुती निघालाही, पण वनस्पती ओळखणारं कुणी तिथे नव्हतं. म्हणून अख्खा डोंगर उचलून आणावा लागला.

डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने करोनाच्या ३०० लसी नऊ-दहा मिनिटांत पोचल्या. रस्त्याने चाळीस मिनिटं लागली असती. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तोच ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका वाडीत सातव्या महिन्यातच घरी बाळंत झालेल्या बाईची जुळी बाळं गेली. तिला स्वतःला डोली करून सुमारे तीन किलोमीटर वाहून न्यावं लागलं, कारण वाडीला रस्ता नव्हता. लस उडत गेली, बाळंतीण खांद्यावर. पडद्यावरचा डॉक्टर तिथे काय करणार होता? फार तर 'ताबडतोब हलवा' म्हणाला असता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात उलटा रस्ता धरला. डॉक्टर लांब आहे ना, मग गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवा. ३९ गावांत हे झालं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. तिथे टॅब नव्हता. त्या बायकांच्या हाती टॅब असता तर मात्र त्याचं सोनं झालं असतं, असंही मला वाटतं.

म्हणून मी ई-संजीवनीच्या विरोधात नाही. आजींचा मोखाड्याचा एक हेलपाटा त्या दिवशी वाचला, आणि आजारी माणसाच्या घरात एका दिवसाची मजुरी ही लहान गोष्ट नसते. माझं म्हणणं एवढंच, की हिशेब मांडताना टॅबबरोबर आशाताईंचाही मांडावा. त्यांचं मानधन, त्यांची पायपीट, आणि कोण कुठल्या भट्टीवर गेलंय हे त्यांच्या डोक्यातलं रजिस्टर.

थुंकीची डबी घेऊन आम्ही निघालो. वाटेत आजींनी विचारलं, "तो डॉक्टर कुठला?" आशाताईंनाही ठाऊक नव्हतं. "लांबचा," त्या म्हणाल्या. मग डबीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट करून म्हणाल्या, "उद्या सकाळी उठल्या उठल्या, आजी. मी येते न्यायला."