सवलत वाढली, गाडी आटली

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. घरात म्हातारं माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा.

एसटीत आज 75 वर्षांच्या पुढच्या माणसाला तिकीट लागत नाही. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. बाईमाणसाला तर कुठल्याही वयात अर्धं. कागदावर पाहिलं तर म्हाताऱ्या माणसाला प्रवास इतका स्वस्त आपल्याकडे कधीच नव्हता. तरीही आपल्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर विचारा. नळवण्याच्या, पेमदऱ्याच्या किंवा ओतूरच्या पलीकडच्या एखाद्या आज्जीला दवाखान्यात जायचं असेल, तर ती आधार कार्ड शोधत नाही. ती विचारते, "कोण चाललंय का फाट्यावर?" म्हणजे मोटारसायकलवर मागं बसवून नेणारं कोणी आहे का.

असं का झालं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

आळेफाटा हे गावच मुळात रस्त्यानं जन्माला घातलं. आळे गाव जुनं, रेड्याच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक असलेलं. फाटा नंतरचा. पुणे-नाशिक रस्ता आणि माळशेज उतरून कल्याणला जाणारा नगरचा रस्ता इथं एकमेकांना छेदतात. आज त्यांना राष्ट्रीय महामार्ग 60 आणि 61 म्हणतात, आपल्या पिढीच्या तोंडात अजून 50 आणि 222 हेच नंबर आहेत. रेल्वे जुन्नर तालुक्यात आली नाही. पुणे-नाशिक रेल्वेच्या घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. रेल्वेनं मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची तिकीट सवलत बंद केली, तेव्हा देशभर ओरड झाली. आपल्याकडे कुणाला काही वाटलं नाही, कारण जी गाडीच नाही तिच्या सवलतीचं सुखदुःख काय? आपलं सगळं चाकावर, आणि ते चाक रबराचं.

एसटीच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. 1920 नंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे मोटारवाले उभे राहिले. भाडं मालक सांगेल ते, आणि गाडी भरेल तेव्हा सुटणार. 1939 चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा कुठं या धंद्याला नियम लागू झाले. त्या काळात म्हातारं माणूस मोटारीत बसायचं ते नाइलाजानं. बाकी बैलगाडी, नाहीतर पाय. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला आसपासची माणसं चालत यायची, आणि चालवत नाही असं झालं की बाजार बंद व्हायचा. बाजार बंद झाला की माणूस घरात बसायचा. त्याला कुणी समस्या म्हणत नव्हतं, वय म्हणायचे.

1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. बेडफोर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीट. त्या दिवसाचं कौतुक दरवर्षी होतं, पण त्यात एक गोष्ट बोलायची राहून जाते. नवी गोष्ट गाडी नव्हतीच, गाड्या आधीही होत्या. नवी गोष्ट होती ती वेळापत्रक आणि ठरलेलं भाडं. भरो न भरो, गाडी सुटणार. 1950 च्या कायद्यानं अशा महामंडळांना पक्का पाया मिळाला, राज्य झाल्यावर 1961 मध्ये आजचं महामंडळ आलं, आणि पुढं "रस्ता तिथं एसटी" हे धोरण झालं. नफ्याच्या मार्गावर कमवायचं आणि तोट्याच्या गावात गाडी न्यायची, असा तो हिशोब होता. टप्पा वाहतुकीची मक्तेदारी एसटीला मिळाली ती याच बदल्यात. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

या काळातली म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात मोठी सोय कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी सवलतीचं नाव घेणार नाही. मी म्हणेन मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे, गावातलं कोणीतरी भाकरी द्यायचं. पहाटे तीच गाडी गावातून निघायची.

आता हे म्हाताऱ्या माणसाच्या बाजूनं बघा. गाडी गावातच उभी असायची, म्हणून सीट रिकामी मिळायची. घाई नव्हती, त्यामुळे पायरी चढायला वेळ मिळायचा. ड्रायव्हरला गाव ओळखायचं आणि ड्रायव्हर गावाला. "बाबा, दमानं चढा, गाडी कुठं पळून चालली न्हाय," हे वाक्य आम्ही लहानपणी कितीदा ऐकलं असेल. कोण म्हातारं कुठल्या डॉक्टरकडे जातं हे कंडक्टरला माहीत असायचं, आणि परतीच्या गाडीला ते दिसलं नाही तर तो चौकशी करायचा. तिकीट पुरं पडायचं, सवलत नसायची, पण माणूस एकटा जाऊन एकटा परत यायचा. ज्येष्ठांसाठी वाहतूक म्हणून आज जे मागितलं जातं, त्यातलं बरंचसं त्या एका गाडीत होतं. फक्त तिला ते नाव नव्हतं.

मग जीप आली. ट्रॅक्स, कमांडर, काळी-पिवळी. पश्चिम महाराष्ट्रात पलीकडे तिला वडाप म्हणतात. जीपवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण खरं बोलायचं तर त्यांनी लोकांची सोय केली. दोन एसट्यांच्या मधल्या तीन तासांत जीप यायची, हात केला की थांबायची, आणि वस्तीच्या तोंडाशी उतरवायची. कायद्यानं त्यांना टप्पा वाहतुकीची परवानगी नव्हती, तरी रस्ता त्यांचाच झाला. पण जीपनं नेलं ते मुख्यतः भरणारं गिऱ्हाईक, भरणाऱ्या रस्त्यावर. आणि तिनं 1948 च्या आधीचा नियम परत आणला: भरेल तेव्हा सुटेल. नऊच्या जीपमध्ये चौदा माणसं, त्यात मागच्या आडव्या बाकड्यावर गुडघे मोडून सत्तरीचं माणूस. म्हाताऱ्याला जीपवाला नाही म्हणायचा नाही, पण चढायला लागणारा वेळ त्याला परवडायचा नाही.

जीपनं चांगले मार्ग खाल्ले, मोटारसायकलनं उरलेले. घरोघरी दुचाकी झाली तसं गावातलं तरणं माणूस एसटीतून उठलं. मागं राहिले दोघं: शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं. पोरांना पास होता आणि पोरांच्या मागं शाळा होती, म्हणून गावातली गाडी शाळेच्या वेळेला बांधली गेली. म्हाताऱ्यांसाठी बोलायला कोणी नव्हतं. त्यामुळे अनेक गावांत आज असं आहे की सकाळी पोरांबरोबर निघायचं आणि संध्याकाळी पोरांबरोबर यायचं. इंजेक्शन दहा मिनिटांचं, पण दिवस अख्खा. सुट्टी लागली की तीही गाडी बंद.

आता सवलतीचा इतिहास याच्या शेजारी ठेवून वाचा.

65 च्या पुढच्यांना अर्धं तिकीट बरीच वर्षं आहे. 2018 मध्ये शिवशाहीतही ज्येष्ठांना सवलत आली. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढं मोफत. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. चारही निर्णय चांगले. माझ्या ओळखीच्या कितीतरी बाया त्या मार्चनंतर लेकीकडे जाऊन आल्या, पंढरपूरला जाऊन आल्या. ते खोटं नाही.

पण त्याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं होतं? आधी कोरोना. मग विलीनीकरणाच्या मागणीसाठी ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 असा संप. कामगारांचं दुखणं खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण सहा महिने गाडी आली नाही की गाव तिच्याशिवाय जगायला शिकतं. नंतर लालपरी परत आली ती मोठ्या मार्गांवर. कोरोनाच्या आधी महामंडळाकडे सुमारे 18 हजार गाड्या होत्या, नंतर तो आकडा 15 हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी पडल्या की कात्री आधी कुठं लागते? पुणे-नाशिकला नाही. ती लागते सात माणसं घेऊन वाडीवर जाणाऱ्या फेरीला.

म्हणजे झालं असं की सवलत मिळाली तिकिटावर, आणि तिकीट मिळतं गाडीत. गाडी जिथं जाते तिथल्या म्हाताऱ्याला मोफत, आणि जिथं जात नाही तिथल्याला भाड्याची रिक्षा. एकाच तालुक्यातल्या, एकाच वयाच्या दोन माणसांत हा फरक. आणि मोफत योजनेचे पैसे सरकार एसटीला देतं ते प्रवास झाल्यावर. जो प्रवास झालाच नाही, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरला होणार?

यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. एक म्हणजे रस्ता रुंद झाला. बाह्यवळणं झाली, कोंडी सुटली, ते बरंच झालं. पण लांब पल्ल्याची गाडी बाहेरून निघाली की स्टँड आत आणि माणूस बाहेर असं होतं. चौपदरी रस्त्याच्या कडेला उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला पलीकडे जायचं असतं, आणि समोरून कांद्याचा ट्रक ऐंशीच्या वेगानं येत असतो. आपल्या फाट्यावर चार दिशांच्या गाड्या, बाजार समितीचा कांदा, हातगाड्या, रिक्षा. ती गर्दी तरण्या माणसाला घाम फोडते.

दुसरी गोष्ट बिबट्या. शहरातल्या वाचकांना हे वाचून नवल वाटेल, पण जुन्नर-आंबेगावात वाहतुकीचा विचार बिबट्याशिवाय होत नाही. फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा. संध्याकाळची गाडी सहाची साडेसात झाली, तर तेवढा एक-दोन किलोमीटरचा रस्ता म्हातारं माणूस चालू शकत नाही. म्हणजे शेवटची गाडी कागदावर असून नसल्यासारखी. पुण्यात गाडीला उशीर म्हणजे गैरसोय. इथं उशीर म्हणजे घरी पोचताच न येणं.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये 1 एप्रिल 2008 पासून ज्येष्ठांना देशभरातल्या स्थानिक बस गर्दीची वेळ सोडून मोफत झाल्या. पण त्याच्या आधी, 1986 मध्ये, लंडनबाहेरच्या बस खासगी कंपन्यांसाठी मोकळ्या केल्या होत्या आणि खेड्यांतल्या फेऱ्या कमी होत गेल्या. खिशात पास आणि थांब्यावर बस नाही, अशी तक्रार तिथल्या खेड्यांतले म्हातारेही करतात. जपानमध्ये टोकियोजवळच्या मुसाशिनो शहरानं 1995 मध्ये उलट केलं. भाडं माफ केलं नाही, 100 येन ठेवलं. गाडी मात्र लहान घेतली, ती गल्लीबोळातून नेली आणि थांबे जवळजवळ ठेवले. म्हाताऱ्या माणसानं थांब्यापर्यंत किती चालायचं, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला आणि भाड्याचा नंतर. पुढं जपानभर अशा गाड्या निघाल्या.

आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणू नका. आपण मुक्कामी गाडी चालवलेली माणसं आहोत.

मागायचं काय? माझ्या मते चार गोष्टी. पहिली, आळेफाटा, नारायणगाव, ओतूर, बेल्हे ही चार ठिकाणं धरून लहान गाड्यांच्या फेऱ्या. 44 सीटची गाडी सात माणसांसाठी परवडत नाही हे मान्य, मग सतरा सीटची घाला. दुसरी, दुपारची एक परतीची फेरी, म्हणजे दवाखान्याचा आणि बँकेचा माणूस पोरांची शाळा सुटेपर्यंत ताटकळणार नाही. तिसरी, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं म्हाताऱ्या माणसाला वस्तीच्या तोंडाशी उतरवायचं, थांबा असो वा नसो. चौथी, पायरी. लेण्याद्रीला देवापर्यंत पोचायला डोली मिळते. एसटीच्या पहिल्या पायरीला मात्र ज्याचा त्याचा गुडघा. खाली एक जादा पायरी आणि धरायला दांडा, याला काही कोटी लागत नाहीत.

आणि वयाचंही बोलायला हवं. केंद्राच्या 2007 च्या कायद्यात ज्येष्ठ म्हणजे 60. एसटीत 65. पन्नास वर्षं शेतात वाकलेल्या गड्याला ती मधली पाच वर्षं काय सांगायची?

टप्पा वाहतुकीची मक्तेदारी एसटीला कशाच्या बदल्यात मिळाली होती, ते वर लिहिलंय. तोट्याच्या गावात गाडी न्यायची म्हणून. तो करार अजून रद्द झालेला नाही. तोटा सरकारनं भरून द्यावा, कामगाराचा पगार वेळेवर करावा, पण गाडी गावात आली पाहिजे. ही भीक नाही.

एक काम सगळ्यांनी करा. तुमच्या गावात 20 वर्षांपूर्वी किती फेऱ्या यायच्या आणि आज किती येतात, वेळेसकट खाली कमेंटमध्ये लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना ते वेळापत्रक अजून पाठ असतं. आगारात आता प्रवासी राजा दिन असतो, तिथं तक्रार लेखी घेतात. ग्रामसभेचा ठराव आणि ही यादी घेऊन आपण जाऊ. "गाडी सुरू करा" एवढं म्हणून भागत नाही. अमुक वाजताची, अमुक मार्गाची, अमुक साली बंद झालेली फेरी, असं नावानिशी मागितलं तर नाही म्हणणाऱ्यालाही कारण लिहून द्यावं लागतं.

यादी येऊ द्या. मी गावाप्रमाणे लावून पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.