जबलपूरचे तलाव : पावसाळी पाण्याचे शुद्धीकरण

शहरातून वाहत येणारे पावसाचे पाणी तलावात शिरण्यापूर्वी गाळून व निवळून घेण्याची व्यवस्था. मध्य प्रदेशातील जबलपूरला तिची निकड मोठी आहे. ‘बावन ताल-तलैया’ ही या शहराची जुनी ओळख. परंपरेनुसार राणीताल हे नाव गोंड राणी दुर्गावतीवरून (मृत्यू १५६४), चेरीताल तिच्या दासीवरून आणि आधारताल दिवाण आधारसिंहावरून पडले. यांतले चेरीताल आज मुख्यत्वे वस्तीचेच नाव उरले आहे, ही खेदाची गोष्ट.

संग्रामसागर, देवताल आणि सूपाताल मदनमहालच्या ग्रॅनाइट टेकड्यांच्या परिसरात आहेत. हा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. सर कोसळली की लोट थेट उताराला लागतो. जुन्या तलावकर्त्यांनी हेच हेरून तलाव बांधले. त्या उतारांवर वस्ती व रस्ते झाल्यावर मात्र लोटाबरोबर माती, शेण, वंगण आणि प्लॅस्टिकही येऊ लागते. पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत घाण असते. बारीक मातीला चिकटलेला फॉस्फरस तलावात पोचला की शेवाळ व जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

उपाय साधा आहे. नाल्याच्या तोंडाशी जाळी, पुढे पाण्याचा वेग मोडणारे गाळकुंड आणि त्यानंतर पाणकणीस, कर्दळ, वाळा यांसारख्या वनस्पतींचा उथळ पट्टा. मुळांवरचे जिवाणू सेंद्रिय घाण कुजवतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धत सांडपाण्यासाठी हेच तत्त्व वापरते. मैलापाणी मात्र आधी वेगळे वळवावेच लागते. भर उन्हाळ्यात नाला वाहत असेल, तर त्यात बहुधा सांडपाणीच असते.

भोपाळच्या भोज पाणथळ प्रकल्पात (१९९५–२००४) जपानी कर्जसाहाय्यातून सांडपाणी वळवण्याबरोबरच गाळ अडवणारे बंधारेही बांधले गेले. जबलपूरसाठी हा जवळचा धडा आहे. घाट, दिवे आणि कारंजी यांनी तलाव देखणा होतो, पण पाणी सुधारत नाही. तलावासाठीचा पहिला पैसा नाल्याच्या तोंडाशीच खर्च व्हायला हवा. गाळकुंड मेअखेर उपसले नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात साठलेली घाण तलावात जाते. म्हणून बांधकामाबरोबर दरवर्षीच्या उपशाचीही तरतूद करावी लागते.