बेत आणि बेतणे : फॅशन-व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा इतिहास

'बेतणे' हे मराठी क्रियापद मूळचे शिंप्याच्या दुकानातले. अंगाचे माप घ्यायचे, कापडाचा पन्हा पाहायचा, कुठे किती माया सोडायची हे ठरवायचे आणि मग कात्री चालवायची, या सगळ्याला मिळून आपण बेतणे म्हणतो. दुसरीकडे 'बेत' म्हणजे योजना. साहित्याच्या वर्गातही आपण 'कादंबरीवर बेतलेले नाटक' असे सहज म्हणून जातो. योजना करणे आणि हाताने कापणे या दोन्ही क्रिया मराठीने एकाच शब्दकुळात नांदवल्या, कारण ज्याने ही भाषा वापरली त्याच्या डोळ्यांसमोर त्या एकाच माणसाकडून होत होत्या.

फॅशन-व्यवसाय आणि व्यवस्थापन हा विषय विद्यापीठात कसा पोहोचला, याचा मागोवा घेताना हा शब्द पुन्हा पुन्हा आठवतो. माझ्या मते हा इतिहास प्रामुख्याने या दोन अर्थांच्या फारकतीचा आहे. बेत एकाकडे गेला, बेतणे दुसऱ्याकडे राहिले, आणि विद्यापीठाने पदवी दिली ती बेताला.

कला आणि साहित्य शिकवणाऱ्या आपल्या वर्तुळात या अभ्यासक्रमांविषयी एक सौम्य तुच्छता आढळते. 'हे काय शिकण्यासारखे आहे?' असा तिचा सूर असतो. हा प्रश्न उथळ आहे. ज्या परंपरेत नामदेव शिंपी आद्य संतकवींमध्ये गणला जातो आणि ज्याच्या गुरु ग्रंथसाहिबातील पदांत शिंप्याची हत्यारे साधनेची रूपके होऊन येतात, त्या परंपरेने तरी वस्त्रविद्येला ज्ञान मानायला कचरू नये. खरा प्रश्न वेगळा आहे : या विद्येतला कोणता भाग विद्यापीठाने आत घेतला आणि कोणता दाराबाहेर ठेवला?

सुरुवात लंडनपासून करता येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मुलींसाठी व्यवसायशाळा निघाल्या. शोरडिचची १९०६ मध्ये, ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या बॅरेट स्ट्रीटवरची १९१५ मध्ये, तर क्लॅपमची १९२७ मध्ये. शिवणकाम, बायकांचे टेलरिंग, भरतकाम असे त्यांचे विषय होते. श्रीमंत गिऱ्हाइकांच्या वेस्ट एंडमधील शिवणगृहांना कुशल हात हवे होते आणि कामगारवर्गातील मुलींना पोट भरण्याचे साधन हवे होते. या दोन गरजांच्या सांध्यावर त्या शाळा उभ्या राहिल्या. पुढे त्यांची वाट एकत्र आली. १९६७ मध्ये बॅरेट स्ट्रीट आणि शोरडिच यांचे विलीनीकरण झाले आणि १९७४ मध्ये 'लंडन कॉलेज ऑफ फॅशन' हे नाव रूढ झाले. ज्या संस्थासमूहात ते होते त्याला २००४ मध्ये विद्यापीठाचे नाव मिळाले : युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडन.

व्यवसायशाळा, तांत्रिक महाविद्यालय, फॅशन कॉलेज, विद्यापीठ : ही नावे ओळीने वाचली तर त्यांतच एक कथानक दिसते. नावात प्रतिष्ठा चढत गेली त्याच दशकांत पूर्व लंडनमधील शिवणकामाचा धंदा ओसरत गेला. २०२३ मध्ये हे कॉलेज पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथे एका नव्या इमारतीत स्थिरावले. तेथे आज व्यवसाय आणि व्यवस्थापन शिकवणारे स्वतंत्र स्कूल आहे. ज्या भागात एके काळी सुया चालत होत्या त्या भागात आता पुरवठा-साखळी शिकवली जाते. सुया इतरत्र गेल्या आहेत.

न्यू यॉर्कची कथा अधिक उघड आहे. १९११ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी २५ मार्च रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित घरांतील तरुण मुली होत्या, आणि बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. त्याच वर्षी फ्रेडरिक टेलर यांचे 'वैज्ञानिक व्यवस्थापना'ची तत्त्वे मांडणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. कामाची आखणी व्यवस्थापनाने करावी, कामगाराने ती ठरलेल्या रीतीने आणि ठरलेल्या वेळात पार पाडावी, हा त्याचा गाभा. बेत आणि बेतणे यांची फारकत येथे शास्त्र म्हणून मांडली गेली.

१९४४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाली, ती शिवणव्यवसाय शिकवणाऱ्या एका माध्यमिक शाळेच्या वरच्या दोन मजल्यांवर. धंद्यातील मंडळींना चिंता होती ती पुढच्या पिढीची. १९२४ च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणारे स्थलांतर आवळले गेले होते, आणि शिंप्यांची मुले डॉक्टर-वकील होऊ पाहत होती. संस्थेने आरंभी दोन अभ्यासक्रम ठेवले : एक डिझाइनचा, दुसरा 'वैज्ञानिक व्यवस्थापना'चा. कल्पना कोणी करावी आणि कारखाना कोणी चालवावा, याची सोय झाली. शिवणारे हात खालच्या मजल्यांवरील शाळेत घडत होते. एका इमारतीच्या जिन्यात ज्ञानाची उतरंड इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. पुढे या संस्थेला १९७५ मध्ये पदवी आणि १९७९ मध्ये पदव्युत्तर पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

हीच संस्था भारतातल्या शिक्षणाची पाठराखीण झाली. १९८५ मध्ये केंद्रात स्वतंत्र वस्त्रोद्योग मंत्रालय आले, नवे वस्त्रधोरण जाहीर झाले, आणि १९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या या संस्थेच्या सहकार्याने दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत एक 'अ‍ॅपरल मार्केटिंग अँड मर्चंडायझिंग' हा होता. तोच पुढे 'फॅशन मॅनेजमेंट स्टडीज' झाला. २००६ च्या कायद्याने निफ्टला स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला.

'मर्चंडायझर' या शब्दाला मराठीत अद्याप चपखल प्रतिशब्द मिळालेला नाही. परदेशी खरेदीदार आणि येथील कारखाना यांच्यामधला हा माणूस नमुना मंजूर करून घेतो, कापड, बटणे, अस्तर यांचा मेळ घालतो, दर ठरवतो, माल वेळेत जहाजावर चढेल हे पाहतो. १९७४ पासून श्रीमंत देशांनी बहुधागा कराराखाली अनेक निर्यातदार देशांना निरनिराळ्या प्रकारच्या कपड्यांसाठी कोटे ठरवून दिले होते. कोट्याच्या त्या चौकटीत असा जाणकार मध्यस्थ अनिवार्य होता. १ जानेवारी २००५ रोजी ही कोटापद्धत संपली. मग काम कोणत्याही देशात, जेथे स्वस्त पडेल तेथे नेता येऊ लागले, आणि दरपत्रकाचे महत्त्व आणखी वाढले.

हे दरपत्रक वाचण्यासारखे असते. कापड, धागा, बटण, पेटी, वाहतूक यांच्या ओळी त्यात असतात. शिवणाऱ्या माणसाची ओळ असते ती मिनिटांची. प्रत्येक शिवणीला प्रमाणित मिनिटे ठरलेली असतात : कॉलरला इतकी, बाहीला इतकी. त्यांची बेरीज म्हणजे त्या शर्टातला माणूस. टेलर यांचे घड्याळ आजही याच रकान्यात टिकटिकत असते.

आता मुंबईकडे वळू, कारण हा विषय येथे आला तेव्हा त्याच्या आधीची विद्या याच शहरात होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला. १८८७ मध्ये गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ येथेच घडवण्याच्या हेतूने व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेतली विद्या यंत्राशेजारी उभे राहण्याची होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचा अस्त त्यानंतर वेगाने होत गेला. निफ्ट मुंबईत आली १९९५ मध्ये. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचे कारण नाही, पण क्रम लक्षणीय आहे. कापड विणणारे शहर मागे पडले आणि कापड विकण्याचे शास्त्र शिकवणारे शहर पुढे आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. तेथील दुकानातल्या पुतळ्याला काय नेसवावे हा आज व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातला विषय आहे. त्याच जमिनीवर कोण राबले, हा विषय मात्र सहसा इतिहासाच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याकडे येतो.

या विभागणीची किंमत काय असते ते २४ एप्रिल २०१३ रोजी दिसले. ढाक्याजवळ साभार येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण वरच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. माल वेळेत जाणे हा बेत होता. मराठीत 'जिवावर बेतणे' असाही एक वाक्प्रचार आहे. ज्यांच्या जिवावर बेतले त्यांचा बेत करण्यात काहीच हात नव्हता.

येथे दुसरी बाजू मांडणे न्याय्य ठरेल. लंडनमधील त्या मुलींना सुईपलीकडचे दार उघडून देण्याचे काम पदवीनेच केले. हिशेबाचे ज्ञान ज्याच्याकडे नसते तो कारागीर दलालाच्या हाती सापडतो, हे आपल्याकडच्या विणकरांच्या स्थितीवरून आपण जाणतो. म्हणजे बेताचे शिक्षण वाईट नाही, ते सर्वांना मिळत नाही ही अडचण आहे. अभ्यासक्रमही बदलत आहेत. लंडनच्या कॉलेजात शाश्वत फॅशनचे अभ्यासकेंद्र २००८ मध्येच, म्हणजे राणा प्लाझाच्या आधी, सुरू झाले होते. निफ्टचे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून विणकर आणि कारागिरांच्या वस्त्यांत जाऊन राहतात. या चांगल्या सुरुवाती आहेत. मात्र कारागिराकडे पाहायला जाणे वेगळे आणि तो जे जाणतो त्याला ज्ञान म्हणून गुण देणे वेगळे.

नारायण सुर्व्यांनी १९६६ मध्ये आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. गिरणगावात वाढलेल्या कवीने जगण्यालाच विद्यापीठ म्हणणे, हा मराठी साहित्याने विद्यापीठाला विचारलेला प्रश्न आहे, आणि आपण तो बहुधा परीक्षेच्या उत्तरापुरता शिकवतो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांचे मौखिक कथन एकत्र करून २००४ मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शंभर आवाज आहेत. फॅशन-व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्रात दरपत्रकाच्या शेजारी हा ग्रंथ ठेवला, तर मिनिटांच्या रकान्यात कोण बसले आहे हे विद्यार्थ्याला कळेल. आणि आपल्या साहित्यवर्गात सुर्वे शिकवताना एखादे दरपत्रक फळ्यावर मांडले, तर कवितेतला कामगार कोणत्या हिशेबात अडकला होता हे आपल्या विद्यार्थ्यालाही कळेल. दोन्ही वर्ग आज एकमेकांना ओळखत नाहीत. आपण ज्या भाषेचे अध्यापन करतो तिने मात्र हे दोन अर्थ अजून एकाच शब्दात सांभाळून ठेवले आहेत.