वारापासून पंगतीपर्यंत : परभणी जिल्ह्यातील प्राथमिक शाळा व विद्यार्थिसाहाय्य

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली व साहाय्यनिधीचा हिशेब प्रसिद्ध होतो, ही गोष्ट भूषणावह आहे. परंतु गरीब विद्यार्थ्यास हात देण्याची ही रीत कशी वाढली, तिने कोणास जवळ केले आणि कोणास उंबरठ्याबाहेर ठेविले, हेही ज्ञातिबंधुभगिनींना ठाऊक असणे अगत्याचे आहे. निधीचा पुढील विनियोग कसा करावा, याचा विचार त्यावाचून पुरा होणार नाही.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी प्राथमिक शाळेस तहतानिया, त्यावरील शाळेस वस्तानिया व हायस्कुलास फौकानिया म्हणत. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व त्याच्या वाटेवरील वरच्या वर्गांतही उर्दूचाच अंमल असे. मराठी बोलणाऱ्या मुलाची अंकलिपी घरची आणि पुढील विद्या मात्र दरबारची, असा हा प्रकार होता. यात उर्दू भाषेचा दोष काहीच नव्हता. दोष होता तो मातृभाषेचे दार लावून घेणाऱ्या धोरणाचा. खासगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी लागे. तशाही स्थितीत १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली, अंबाजोगाईस योगेश्वरीची शाळा वाढली आणि आपल्या जिल्ह्यात सेलूस नूतन विद्यालय उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थ हे संस्थानच्या मुक्तिलढ्याचे नेते होण्यापूर्वी हिप्परगा व अंबाजोगाई येथे शिक्षक होते, हे आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाचे वाटते.

शिकण्यासाठी गाव सोडणाऱ्या गरीब मुलाचा आधार म्हणजे वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरी जेवून मुले शिकत. ही चाल उदार होती, यात शंका नाही. पण ज्याला ज्याच्या पंगतीस बसता येई, त्यालाच तेथे वार मिळे. ज्या जातींत सात घरी पुरेसे अन्नच नव्हते, त्यांच्या मुलांस वार कोणी द्यावा? आणि ज्यांना अंगणातही येऊ देत नसत, त्यांनी तो मागावा तरी कोठे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेविले आहे की, शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने तोटी सोडल्याखेरीज पाणी पिता येत नसे. एकाच शाळेत असूनही मूल एकटे राहू शकते, ते असे.

ही कोंडी फोडण्याचा मार्ग कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी दाखविला. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व पुढे सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेविली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम प्रत्येक समाजाने आपापल्या मुलास उभे केले आणि मग सर्वांची मुले एका छपराखाली आली. आपल्या संघाचा निधी हे या वाटेवरील पहिले पाऊल होय.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. रझाकारांच्या अत्याचारांत आणि त्यानंतरच्या सूडात मराठवाड्यातील निरपराध हिंदू व मुसलमान कुटुंबांनी फार सोसले. अशा दुखावलेल्या गावांत सर्वांची मुले रोज एकत्र येण्याचे ठिकाण उरले, ते म्हणजे शाळा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांजकडे गेला. जेथे उर्दू शाळा नाही, तेथे मुसलमान मुले मराठी वर्गात बसतात. जिंतूरकडील तांड्यांवरून बंजारा मुले येतात. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावी परप्रांतीय नोकरवर्गाच्या मुलांमुळे आणखी भाषा कानी पडतात. पहिलीच्या वर्गात तांड्यावरील मुलापुढे ‘आई’ म्हटले तर ते गप्प बसते; ‘याडी’ म्हटले की लगेच मान वर करते. अध्यापनशास्त्राच्या ग्रंथापेक्षा हा एक शब्द शिक्षकास अधिक उपयोगी पडतो.

१५ ऑगस्ट १९९५ पासून शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. आरंभी हजेरीप्रमाणे मुलांस महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेच्या ओसरीवर खिचडीची पंगत बसू लागली. तांदळाचे पोते घरी जाई तोवर ती मदत होती. पंगत बसली तेव्हा ती शिकवणही झाली. स्वयंपाकिणीच्या जातीवरून देशात कोठे कोठे कुरबुर झाली, हे नाकारता येत नाही. तथापि जे वाराला साधले नव्हते, ते या पंगतीने पुष्कळ अंशी साधले.

तरी एक दुःख शिल्लक आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतील कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि मुलांची नावे पटावर राहून मुले मात्र फडात जातात. त्यांना गावीच ठेवण्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. पण संध्याकाळी अभ्यास घेणारा, आजारपणात विचारपूस करणारा माणूस शासनाच्या आदेशाने निर्माण होत नाही. तो गावातूनच यावा लागतो.

म्हणून संघाच्या कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. आपल्या निधीचा काही भाग जात न विचारता गावच्या प्राथमिक शाळेतील गरजू मुलांसाठी, विशेषतः या हंगामातील मुलांसाठी, वेगळा काढावा. आपल्यापैकी सुस्थित घरांची मुले आता शहरातील इंग्रजी शाळांत जाऊ लागली आहेत व गावच्या शाळेचा पट रोडावत चालला आहे. ज्या शाळेने आपल्या दोन पिढ्यांस अक्षरओळख करून दिली, तिच्याकडे आपली मुले नाहीत म्हणून पाठ फिरविणे आपणांस शोभणार नाही. गंगाखेडची जनाबाई ज्या भूमीत जन्मली, तेथे दासीचे लेकरूही विद्येच्या पंगतीस मानाने बसले पाहिजे. ती पंगत मोडू न देणे, हे आपल्या संघाचे यापुढील कार्य ठरो.