चूल, धुराडे आणि राजधानी : घरगुती अग्नीच्या इतिहासाचे एक वाचन

चंडीगढच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या डोंगररांगांना सन्मुख असलेल्या कॅपिटल कॉम्प्लेक्सचा विचार आजवर प्रामुख्याने वास्तुकलेच्या आणि राष्ट्रकल्पनेच्या अंगाने झालेला आहे. १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए भारतात आले आणि त्यानंतरच्या दीड दशकात उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानभवन या तीन वास्तू येथे उभ्या राहिल्या. विधानभवनाच्या मुख्य सभागृहाचा आकार वीजकेंद्राच्या शीतन-मनोऱ्यावरून सुचलेला आहे, ही गोष्ट वास्तुकलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. अहमदाबादच्या वीजकेंद्राचे असे मनोरे ल कॉर्ब्युझिए यांनी पाहिले होते. कोळसा जाळून वीज निर्माण करणाऱ्या कारखान्याचे एक अंग लोकप्रतिनिधींच्या सभेचे छत व्हावे, यातील प्रतीकात्मकता उघड आहे. परंतु त्या आकारामागे एक साधा भौतिक नियमही आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी खालून थंड हवा ओढली जाते. शीतन-मनोरा याच नियमावर चालतो आणि स्वयंपाकघरातील धुराडेही याच नियमावर चालते. राजधानीच्या शिखरस्थानी हा नियम स्मारकरूप झाला, त्या काळात परिसरातील खेड्यांमधील स्वयंपाकघरे धुराने भरलेली होती. या विरोधाभासाचा माग घेतल्यास घरगुती चुलीचा एक वेगळा इतिहास हाती लागतो, आणि मराठी वाङ्मयव्यवहाराशी त्याचा संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा अधिक निकटचा आहे.

त्या संबंधाचा पहिला धागा व्यक्तिगत स्वरूपाचा आहे. न. वि. ऊर्फ काकासाहेब गाडगीळ हे १९४७ ते १९५२ या काळात केंद्रात बांधकाम, खाणी व वीज या खात्यांचे मंत्री होते. पुढे १९५८ ते १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल म्हणून चंडीगढला राहिले. १९६२ मध्ये सातारा येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि ‘पथिक’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी चरित्रवाङ्मयात मान्यता पावले आहे. कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये राज्यपालांसाठी योजिलेला प्रासाद कधीच बांधला गेला नाही. अशी वास्तू लोकशाहीच्या वृत्तीशी विसंगत ठरेल, असे पंडित नेहरूंचे मत पडले. गाडगीळ राज्यपाल झाले त्याच १९५८ साली सुखना चो हा ओढा अडवून कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या शेजारी सुखना तलाव निर्माण करण्यात आला. चुलीची कथा या तलावापासून सुरू होते.

तलावाच्या पाणलोट क्षेत्रातील टेकड्या उघड्या पडलेल्या होत्या. चराई आणि जळणासाठी होणारी तोड यांमुळे सुटलेली माती प्रत्येक पावसाळ्यात तलावात उतरे आणि दीड-दोन दशकांत त्याची क्षमता गाळाने मोठ्या प्रमाणात घटली. सत्तरच्या दशकात या गाळाचे मूळ शोधत पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी सुखोमाजरी या खेड्यात पोहोचले. तेथे बांधलेले मातीचे बंधारे आणि टेकड्यांवर मोकाट चराई न करण्याचा ग्रामस्थांचा निर्णय यांची हकीकत पर्यावरणविषयक साहित्यात वारंवार सांगितली गेली आहे. त्याच टापूतील नाडा या खेड्यात १९८० च्या सुमारास मधू सरीन यांनी गावातील स्त्रियांसह जे काम केले, त्याची नोंद तुलनेने कमी घेतली गेली. सरीन या वास्तुविशारद. चंडीगढच्या नियोजनाची कठोर चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कष्टकऱ्यांनी शहर बांधले त्यांच्या वस्तीला आराखड्यात स्थान नव्हते, हा त्या चिकित्सेचा एक प्रमुख मुद्दा होता. शहराचे हे वाचन करणारी अभ्यासक खेड्यातील चुलीकडे वळली, यात एक आंतरिक संगती आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : रचना कोण करतो, आणि त्या रचनेत राहावे कोणाला लागते?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी चूल चालविणे म्हणजे काय, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. लाकूड आणि कोळसा हे दोन्ही जळण असले तरी त्यांचे जळणे भिन्न प्रकारचे आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ज्वाळा या वायूंची असते. म्हणून लाकडाला वरच्या बाजूने, ज्वाळेच्या भोवती हवा लागते, आणि राखेच्या थरावरही ते चांगले जळते. लोणारी कोळशातील वायू कोळसा पाडतानाच निघून गेलेले असतात. तो ज्वाळेविना धुमसतो आणि त्याला खालून, जाळीतून येणारी हवा लागते. दगडी कोळसाही जाळीवाचून नीट पेटत नाही, शिवाय पेटताना तो दाट धूर सोडतो. मराठी घराने हा भेद उपकरणांतच मुरवला होता. मातीची चूल लाकूड, काटक्या आणि गोवऱ्यांसाठी. लोखंडी जाळी आणि खाली हवेचे दार असलेली शेगडी कोळशासाठी. मधल्या नळीत विस्तव असलेला तांब्याचा बंब मात्र ढलप्या, कोळसा, गोवऱ्या, कणसांची बुरखुंडे असे हाती येईल ते पोटात घेणारा. एकाच अग्नीवर अनेक जळणे चालविण्याचे कसब बंबाभोवती रोज पहाटे पणाला लागे. ढलप्यांनी पेटवायचे, जाळ धरला की कोळसा टाकायचा, राख साचून जाळी बुजली की ती खालून झाडायची.

चुलीचा वैल हा याच शहाणपणाचा भाग होय. मुख्य चुलीतून निसटणारी धग शेजारच्या वैलाकडे वळविली जाते. त्यावर डाळ शिजत राहते किंवा दूध तापते. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी करून भाजली जाते आणि उरलेले निखारे राखेत झाकून पुढच्या वेळेसाठी राखले जातात. पंजाब-हरियाणातील ‘हारा’ हे उपकरण गोवरीच्या मंद धगीवर दूध दिवसभर आटवीत ठेवते. त्याचे कार्य वैलाशी जुळते, परंतु त्याने धग वेळेवर पसरविली आहे, तर वैलाने ती जागेवर पसरविली आहे. दोन भाषिक प्रदेशांच्या पाकसंस्कृतीची तुलना करताना पदार्थांच्या याद्यांइतकेच हे अग्निव्यवस्थापनाचे भेद महत्त्वाचे मानले पाहिजेत.

मराठी भाषेने चुलीला विपुल अर्थ दिले. ‘घरोघरी मातीच्या चुली’ या म्हणीत ती मानवी स्थितीचा समान भाजक आहे. ‘चूल वेगळी करणे’ म्हणजे कुटुंबाचे विभाजन. भारताची जनगणनाही एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब मानते. ‘चूल आणि मूल’ या जोडशब्दात स्त्रीच्या कोंडमाऱ्याची टीका साठविलेली आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आणि ती मराठी मनात कायमची रुजली. या सर्व उपयोगांत चूल प्रतीक म्हणून येते. एक चालवावे लागणारे यंत्र म्हणून, कौशल्याचा विषय म्हणून ती क्वचितच येते. कोंडमाऱ्याची टीका यथार्थ होती. मात्र तिच्या ओघात, कोंडलेल्या स्त्रीपाशी एक ज्ञान होते, ही गोष्ट दृष्टिआड झाली.

येथे जात्याशी तुलना उद्बोधक ठरते. जात्यावरील ओव्यांचे भांडार अफाट आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून केलेल्या संकलनाने त्याची व्याप्ती सिद्ध केली आहे. चुलीपाशी त्या तोलाचा स्वतंत्र गीतप्रकार घडलेला दिसत नाही. कारणे अनेक संभवतात. पहाटेच्या दळणात मिळणारा एकांत किंवा जोडीदारिणीची सोबत आणि जात्याच्या फेऱ्याची लय यांचा त्यात वाटा असेल. परंतु एक कारण शारीर आहे, आणि वाङ्मयेतिहासाने त्याचा विचार करावयास हवा. जात्यावर हात गुंततात आणि तोंड मोकळे राहते. चुलीपाशी तोंड फुंकणीला लागलेले असते आणि घशात धूर असतो. गीतप्रकाराच्या अभावाचा धुराशी असा संबंध असेल, तर धूर ही केवळ आरोग्याची बाब उरत नाही.

धुराविरुद्धचे पहिले संघटित प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाले. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. चाळीसच्या दशकात तेथे तयार झालेली निर्धूर चूल ‘मगन चुला’ या नावाने ओळखली गेली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये कोट्यवधींच्या निर्धूर स्वयंपाकघरांचे स्वप्न मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या वेळी चंडीगढच्या सरकारी घरांचे आराखडे पिएर जान्नरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्या हातून तयार होत होते. धुराडे हे सुधारणेचे चिन्ह ठरले, पण धुराडे बसविणे आणि धुराडे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढ कमी पडली तर धूर घरात परततो. ओढ जास्त झाली तर धगही धुराबरोबर निघून जाते आणि लाकूड अधिक लागते. दोन तोंडांच्या चुलीत दुसऱ्या तोंडावर भांडे नसेल, किंवा भांडे तोंडाहून लहान असेल, तर धूर तेथूनच बाहेर पडतो. काजळी नियमित काढली नाही तर नळी बुजते.

नाडा येथील प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की चुलीचे माप भांड्यांवरून आणि भांड्यांचे माप घरावरून ठरले. कोणत्या घरी केवढा तवा, दूध कशात तापते, बसण्याची उंची किती, हे सांगणाऱ्या स्त्रियाच चूल घडवीत होत्या. माती त्यांची, मळणी त्यांची, डागडुजी त्यांची. प्रशिक्षित स्त्रियांना ‘चुल्हा मिस्त्री’ हे पद मिळाले. मिस्त्री हा शब्द तोवर पुरुषांकडे होता. १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. परंतु उद्दिष्टांच्या आकड्यांसाठी प्रमाणित नमुने आवश्यक झाले, आणि घराघराप्रमाणे बदलणारी मौखिक रचना एका छापील आवृत्तीत गोठली. साहित्याच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया अपरिचित नाही. पाठभेद पुसले की संहिता सुबक होते, परंतु ती म्हणणाऱ्यांच्या हाती राहत नाही. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातील सुधारित चुलींवर केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे बोलका आहे. पहिल्या वर्षी धुराचे प्रमाण घटले. पुढे वापर आणि देखभाल कमी होत गेली, तसा तो लाभ नाहीसा झाला.

महाराष्ट्रात या परंपरेचा पुढचा दुवा पुण्यात आढळतो. ‘युगान्त’मध्ये खांडववनदाहाची निर्भीड चिकित्सा करणाऱ्या इरावती कर्वे यांचे पुत्र आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापन झाली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याच्या तिच्या पद्धतीला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार लाभला. येथे प्रश्नाची मांडणीच बदलली. चूल सुधारण्याच्या जोडीला जळणच बदलावे, लाकडाच्या ज्वाळेऐवजी कोळशाची शांत धग द्यावी, असा हा विचार होता. अर्थात कोळशाचा धोका निराळा आहे. धूर दिसत नाही म्हणून दार लावून शेगडीशेजारी झोपणाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइडने बळी जातो. उत्तर भारतातील प्रत्येक हिवाळ्यात अंगीठीच्या अशा बातम्या येतात. लाकडाचा धूर डोळ्यांत पाणी आणून निदान सावध तरी करतो. शेगडीचा विषारी वायू तेवढीही सूचना देत नाही. शेगडी पेटवताना ती अंगणात ठेवायची आणि निखारे लाल झाल्यावरच आत घ्यायची, ही जुन्या घरांतील रीत धुरापासून वाचवीत असे. तो वायू मात्र लाल निखाऱ्यांतूनही सुटतो. केवळ उघडी खिडकी हे त्यावरचे खात्रीचे संरक्षण नव्हे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४९ टक्के कुटुंबे लाकडावर स्वयंपाक करीत होती, आणि सुमारे २८.५ टक्के गॅसवर. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसच्या जोडण्या झपाट्याने वाढल्या. तरीही अनेक घरांत गॅसच्या शेजारी चूल टिकून राहिली. टाकी पुन्हा भरण्याचा खर्च, सरपणाची सहज उपलब्धता आणि भाकरीची चव ही त्याची कारणे होत.

त्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, चंडीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. काँक्रीटची ती वास्तू आता जतन केली जाईल आणि तिच्या रचनाकाराचे नाव तिच्यासोबत राहील. नाडा येथील चुली मातीच्या होत्या. मातीची चूल सारवून, मोडून, पुन्हा घालून टिकते, आणि ती घालणाऱ्या हातांची नोंद कोठे होत नाही. वाङ्मयेतिहासाने ‘चूल’ या शब्दाची प्रतीके जशी जपली, तशी त्या हातांची रीतही नोंदवून घेणे आवश्यक आहे. पाककृतींतील ‘मंद आच’ आणि ‘वर-खाली निखारे’ यांसारख्या सूचना, ओव्यांतील उल्लेख, चूल-प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि वृद्ध स्त्रियांचे कथन ही या नोंदीची साधने होत. वैल, फुंकणी, बंब हे शब्द ज्यांनी वापरले ती शेवटची पिढी अद्याप बोलती आहे. तिचे सांगणे टिपून घेण्यास उपलब्ध असलेला अवधी मात्र वर्षागणिक कमी होत आहे.