सी भाषेतील त्रुटिसंदेशांचा इतिहास : अयशस्वी सिस्टीम कॉल आणि कारण कळविण्याची जबाबदारी

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांचा वेग, त्यांची साठवणक्षमता आणि उद्योगांची वाढ यांभोवती फिरते. यंत्राने नकार दिला असता तो माणसाला कसा कळविला गेला, हा विषय मात्र क्वचितच अभ्यासिला जातो. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावी सी भाषा शिकणारा विद्यार्थी फाईल उघडण्याचा पहिला प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा पडद्यावर 'फाईल उघडता येत नाही' या अर्थाचे एखादे वाक्य उमटते. ते वाक्य त्यानेच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेले असते. फाईलचे नाव चुकले, परवानगी नव्हती, की डिस्कवर जागा उरली नव्हती, याचा उलगडा त्यातून होत नाही. मोठ्या शहरात शेजारच्या टेबलावर एखादा जाणकार सापडतो. जेथे तो नसतो तेथे त्रुटिसंदेश हाच शिक्षक असतो. नकाराचे कारण संगणकाजवळ प्रारंभापासून होते काय, आणि असल्यास ते वाटेत कोठे हरवते, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पना

सामान्य प्रोग्रॅमला डिस्क, कळफलक वा नेटवर्क यांस थेट हात लावता येत नाही. त्यासाठी त्याला कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, विनंती करावी लागते. या विनंतीस सिस्टीम कॉल म्हणतात. फाईल उघडणे, वाचणे, लिहिणे, नवी प्रक्रिया सुरू करणे ही सारी कामे अशा विनंत्यांद्वारे होतात. प्रत्येक विनंती मान्य होईलच असे नाही. म्हणून नकार देण्याची आणि तो कळविण्याची व्यवस्था आवश्यक ठरते.

कॅरी बिटपासून 'एर्नो'पर्यंत

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक असलेल्या पहिल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत सिस्टीम कॉल फसल्याची खूण म्हणजे पीडीपी-११ या यंत्रातील 'कॅरी बिट' नावाचा एक द्विमान अंक. तो उंचावला की काम झाले नाही, एवढेच समजावे. त्याच काळातील 'एड' हा संपादक तर कोणत्याही चुकीवर केवळ एक प्रश्नचिन्ह छापीत असे. वापरणारे स्वतःच प्रणालीचे निर्माते होते, म्हणून इतका संक्षेप चालून गेला.

१९७३ साली युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत तर नकाराची कारणे क्रमांकित झालेली स्पष्ट दिसतात. प्रत्येक प्रक्रियेच्या नोंदीत कर्नल एक त्रुटिक्रमांक ठेवीत असे. विनंती फसल्यास तो क्रमांक रजिस्टरमध्ये टाकून कॅरी बिट उंचावला जाई. सी ग्रंथालयातील एक छोटा उपक्रम तो क्रमांक 'एर्नो' या चलात साठवी आणि मूळ प्रोग्रॅमला उणे एक हे मूल्य परत देई. क्रमांक २ म्हणजे तशी फाईल वा डिरेक्टरी नाही, १३ म्हणजे परवानगी नाकारली, २८ म्हणजे डिस्कवर जागा शिल्लक नाही. आजच्या लिनक्सवरही या तीन क्रमांकांचे अर्थ तेच आहेत. त्याच आवृत्तीत 'पीएरर' हे फलनही उपलब्ध होते. ते क्रमांकाचे वाक्य करून छापते. तात्पर्य, कारण सांगण्याची सोय १९७५ पासून प्रत्येक सी प्रोग्रॅमरच्या हाताशी आहे.

प्रमाणीकरणाचा टप्पा

१९८८ साली पॉझिक्स हे कार्यप्रणालीचे आणि १९८९ साली आन्सी सी हे भाषेचे प्रमाण निश्चित झाले. आन्सी प्रमाणाने 'एर्नो', 'पीएरर' आणि क्रमांकाचे वाक्य मिळवून देणारे 'स्ट्रएरर' यांना मान्यता दिली; परंतु स्वतः केवळ दोनच त्रुटी, त्याही गणिती फलनांच्या, नाव देऊन निश्चित केल्या. फाईल, प्रक्रिया आणि परवानग्या यांसंबंधीच्या त्रुटींची नावे पॉझिक्सने ठरविली. १९९५ मध्ये पॉझिक्समध्ये थ्रेडचा समावेश झाला, तेव्हा प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र 'एर्नो' देणे भाग पडले; अन्यथा एकाच्या अपयशाचे कारण दुसऱ्याच्या नावावर जमा झाले असते.

आपल्याकडे सी भाषेचा प्रसार मुख्यतः डॉसवरील टर्बो सी या १९८७ साली आलेल्या कंपायलरद्वारे झाला. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने ही भाषा देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत नेली. टर्बो सीमध्येही 'एर्नो' आणि 'पीएरर' होतेच. म्हणजे साधनांची उणीव नव्हती. उणीव राहिली ती सवयीची.

'टंकयंत्र नव्हे' : चुकीच्या कारणाचा धडा

मोघम संदेशापेक्षा चुकीचा संदेश अधिक घातक असतो. त्रुटिक्रमांक २५ चा जुना अर्थ 'हे टंकयंत्र नव्हे' असा होता, कारण त्या काळी संगणकाशी संवाद टंकयंत्रासारख्या टर्मिनलवरून होई. पुढे अनेकांना ईमेल वा फाईल यांसंबंधीच्या अपयशानंतर हाच असंबद्ध संदेश दिसू लागला. त्याचे कारण असे : छापण्याचे काम करणारे ग्रंथालय, समोर टर्मिनल आहे की साधी फाईल, हे आतल्या आत तपासत असे. फाईल असल्यास ती तपासणी फसे आणि 'एर्नो'मध्ये २५ हा क्रमांक उरे. प्रोग्रॅमर मूळ कारण टिपण्यापूर्वी दुसरे काही छापून बसला, की खरे कारण पुसले जाई आणि हे भलतेच कारण पुढे येई.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, सिस्टीम कॉलचे परतमूल्य तपासून अपयशाची खात्री झाल्यावरच 'एर्नो' वाचावा. यश मिळाल्यावर ग्रंथालय तो शून्य करीत नाही. दुसरा, अपयश कळताच तो क्रमांक वेगळ्या चलात जपून ठेवावा. तिसरा, नंतरच संदेश छापावा आणि तो प्रमाणित त्रुटिप्रवाहावर छापावा, म्हणजे प्रोग्रॅमचे खरे उत्तर आणि तक्रार यांची सरमिसळ होत नाही.

उपयुक्त संदेशाची घडण

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(८) अन्वये अर्ज फेटाळताना फेटाळण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपील प्राधिकाऱ्याचा तपशील अर्जदारास कळविणे बंधनकारक आहे. केवळ 'अर्ज नामंजूर' असा शेरा पुरेसा नाही; नकार मिळालेल्या माणसाला पुढचे पाऊल टाकता आले पाहिजे, ही त्यामागील भूमिका आहे. त्रुटिसंदेशाची कसोटीही हीच मानावी लागेल. कोणता प्रोग्रॅम, कोणती कृती, कोणत्या वस्तूवर आणि कोणत्या कारणाने फसली, ही चार अंगे त्यात हवीत. 'पीएरर'ला केवळ 'ओपन' हा शब्द दिल्यास कृती व कारण मिळते, पण फाईलचे नाव मिळत नाही. आणि दहा फाईली उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नेमके तेच हवे असते. ही अडचण ओळखून १९९३ च्या ४.४ बीएसडी प्रणालीत 'एर' हे फलन आले. ते प्रोग्रॅमचे नाव आपण होऊन छापते, प्रोग्रॅमरला हवा तो तपशील घालू देते आणि शेवटी कारण जोडते.

तथापि क्रमांकाचीही मर्यादा आहे. १३ हा क्रमांक फाईलच्या परवानगीमुळे येतो, तसाच तिच्या वाटेवरील एखाद्या डिरेक्टरीच्या परवानगीमुळेही येतो. नकार कोणत्या पायरीवर मिळाला हे कर्नल जाणतो, पण सांगत नाही. म्हणून फाईलचा संपूर्ण मार्ग संदेशात देणे अधिकच अगत्याचे ठरते. शोध कोठून सुरू करावा हे तरी त्यातून कळते.

भाषेचा प्रश्न

१९९५ साली आलेल्या ग्नू गेटटेक्स्टने संदेशांच्या भाषांतराची वाट मोकळी केली. २००० नंतरच्या दशकात ग्नोम व केडीई या लिनक्सवरील पटलांचे मराठीकरण झाले. ग्नूच्या सी ग्रंथालयात मराठीचा 'लोकेल' आहे. दिनांक, महिन्यांची नावे यांची सोय त्यातून होते. परंतु त्रुटिवाक्यांची मराठी यादी त्या ग्रंथालयात नाही. परिणामी, प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूर मराठीत दिला तरी नकाराचे कारण इंग्रजीतच उमटते. वाक्याचा जो भाग कळणे सर्वांत गरजेचे, तोच परका राहतो.

केवळ भाषांतरानेही प्रश्न सुटणार नाही. संपूर्ण मराठी झालेला संदेश शोधयंत्रात टाकल्यास जगभर त्यावर झालेली चर्चा हाती लागणार नाही. यावर उपाय म्हणजे मराठी वाक्यासोबत त्रुटीचे सांकेतिक नाव छापणे. ग्नू ग्रंथालयाच्या २०२० मधील २.३२ या आवृत्तीत क्रमांकावरून असे नाव देणारे फलन आले आहे. वाक्य माणसासाठी आणि नाव शोधासाठी, अशी ही विभागणी होऊ शकते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नकाराचे कारण कर्नलजवळ होते, ग्रंथालयाने ते प्रोग्रॅमरच्या हाती दिले आणि प्रमाणांनी त्याचे रक्षण केले. ते हरवते ते अखेरच्या टप्प्यावर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातून. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात १९९४ पासून उभी राहिलेली पिढी सी भाषा शिकली, तिच्यातील अनेकांनी पुढे इतरांसाठी प्रोग्रॅम लिहिले. म्हणून फाईल उघडण्याच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात फाईलचे नाव व कारण छापणे आवश्यक मानावे आणि त्यास गुण ठेवावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा खर्चही लागत नाही. सी प्रोग्रॅममधील एखाददुसरी ओळ पुरते. पालममधील विद्यार्थी ती ओळ आज लिहील, तर उद्या कोठेतरी एकट्याने संगणकासमोर बसलेल्या माणसाला आपले काम का अडले ते कळेल.